1965 च्या युद्धात भारतीय नौदल निष्क्रिय का राहिलं? युद्धानंतरचं राजकारण आणि तुटपुंजं बजेट यांचा नौदलावर काय परिणाम होतो?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, "पाकिस्तानी जहाजं द्वारकेवर तोफा डागून गेली आणि आपलं नौदल बसून राहिलं. पैशाअभावी ते इतकं दुबळं झालं होतं का?" पैशाचा भाग खरा आहे, त्यावर खाली लिहितो. ‘बसून राहिलं’ हे मात्र मी खपवून घेणार नाही. मी कोल्हापूरचा, नौदलात इंजिनरूममध्ये नोकरी केलेला माणूस. हेच वाक्य आमच्या घरात इतक्यांदा ऐकलंय की त्याचं उत्तर एकदा नीट लिहायचंच होतं.

आधी नकाशा उघडा. द्वारका पोरबंदरच्या उत्तरेला आहे. सप्टेंबर 1965 मध्ये नौदलाला दिल्लीचा आदेश होता की पोरबंदरच्या अक्षांशाच्या वर जाऊन आपण होऊन कारवाई करायची नाही आणि मुंबईपासून 200 मैलांपलीकडे जायचं नाही. म्हणजे 7 सप्टेंबरच्या रात्री जिथे गोळे पडले ती जागाच नौदलाला बंद होती. नौदलप्रमुख होते व्हाइस ॲडमिरल भास्कर सोमण. त्यांनी हरकत घेतली, ती मान्य झाली नाही. सरकारला लढाई समुद्रावर पसरू द्यायची नव्हती. हा राजकीय निर्णय होता, तो चूक की बरोबर यावर वाद घाला, पण तो जहाजावरच्या माणसाचा नव्हता.

आपली एकमेव विमानवाहू नौका ‘विक्रांत’ तेव्हा दुरुस्तीसाठी गोदीत होती, आणि इथे पैशाचा प्रश्न येतो. 1962 ला आपण मार खाल्ला तो हिमालयात. साहजिकच पैसा डोंगराकडे वळला. 1964 च्या पंचवार्षिक संरक्षण योजनेत सव्वाआठ लाख जवानांची सेना, हवाई दलाला 45 स्क्वाड्रन असं ठरलं. नौदलाच्या वाट्याला जुनी जहाजं बदलून देण्याचं आश्वासन आलं. प्रत्येक देश असाच वागतो. मागच्या युद्धात जिथे जखम झाली तिथेच पट्टी बांधतो आणि समुद्र लांब असतो, तिथली जखम लवकर दिसत नाही.

त्यात जहाजाचं गणित वेगळं. आमच्याकडे ऊस लावला की वर्ष-दीड वर्षात तोड येते, जहाजाचं पीक हाती यायला सहा-सात वर्षं सहज जातात. माझगाव गोदीत लिअँडर वर्गाची फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची लढाऊ जहाजं बांधायचं साठच्या दशकाच्या मध्यावर ठरलं आणि पहिली ‘निलगिरी’ ताफ्यात आली 3 जून 1972 ला. बांगलादेशचं युद्ध आधीच्या डिसेंबरातच संपलं होतं.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. आपलं सुरुवातीचं नौदल दुसऱ्याच्या काटकसरीतून उभं राहिलंय. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनची तिजोरी रिकामी आणि बंदरं जहाजांनी भरलेली. 1948 ला आपण ‘अकिलीस’ ही क्रूझर, म्हणजे मोठी तोफांची युद्धनौका घेतली, तिची ‘दिल्ली’ झाली. 1939 च्या रिव्हर प्लेटच्या लढाईत त्या क्रूझरचे कप्तान असलेले पॅरी पुढे आपल्याच नौदलाचे प्रमुख झाले. ‘हर्क्युलिस’ ही विमानवाहू नौका अर्धवट बांधून पडली होती. ती 1957 ला घेतली, पुरी करून घेतली आणि 4 मार्च 1961 ला बेलफास्टमध्ये तिची ‘विक्रांत’ झाली. स्वस्तात मिळालं हे खरं, पण जुन्या बॉयलरची निगा कुणी करायची, तर आमच्यासारख्यांनी.

आता माझ्यावर गुदरलेलं सांगतो. नव्वदच्या दशकाची सुरुवात. सोव्हिएत संघ फुटला, त्याच काळात आपल्या देशाकडे परकीय चलन उरलं नव्हतं. मी रशियन बनावटीच्या जहाजावर होतो. त्याची गॅस टर्बाइन्स बनायची निकोलायेवला, आणि ते गाव एका रात्रीत युक्रेन नावाच्या वेगळ्या देशात गेलं. सुट्या भागांची मागणी कुणाकडे पाठवायची हेच कुणाला कळेना. नवीन जहाजांच्या ऑर्डरी जवळपास थांबल्या होत्या, म्हणून असलेली जहाजं जास्त राबवायची. एका जहाजाचा भाग काढून दुसऱ्याला लावायचा, ते निघालं की तिसऱ्याचा काढून पहिल्याला.

आमच्या गोड्या पाण्याच्या एका पंपाचा बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती धातूची नळी, पूर्ण झिजला. भाग येईना. ड्रॉइंग होतं ते रशियनमध्ये, त्यावरची मापं पुसट. मी तेव्हा रजेवर निघालो होतो. इंजिनिअर साहेबांची परवानगी काढून झिजलेला बुश पिशवीत घातला आणि कोल्हापूरला, कारखान्यांच्या शिवाजी उद्यमनगरात आलो. तिथल्या एका म्हाताऱ्या टर्नरनं तो हातात फिरवून बघितला, कॅलिपर लावला, झीज किती झाली असेल याचा अंदाज घेतला आणि मला शाफ्टचं माप विचारलं. ते मी वहीत लिहून आणलं होतं. गनमेटलचा तुकडा लेथवर चढवून त्यानं संध्याकाळपर्यंत बुश काढून दिला. जहाजाचा आहे म्हटल्यावर पैसे घेईना, मी बळेच दिले. तो बुश बसला आणि चालला. पुढे नवा भाग आला तरी तो काढला नाही. कोल्हापुरी लेथवरचा भाग त्या जहाजात फिरतोय याचा मला आजही अभिमान आहे.

पण ‘जुगाड’ म्हणून कुणी टाळ्या वाजवायला लागलं की मला राग येतो. पंपाचा बुश उद्यमनगरात निघतो, टर्बाइनचं पातं निघत नाही.

त्याच रजेत गावी कागलकडे गेलो, तर थोरले आबा सोप्यात बसलेले. माझे सख्खे चुलते, पायदळातले, 65 ला पंजाबच्या सीमेवर होते. बुशाची गोष्ट सांगितली तर म्हणाले, "व्हय रं, त्या बोटींवर एवढा पैसा घालून पाण्याचा पंप चालंना व्हय? आमी तिकडं गोळ्या खाल्ल्या, तवा तुमच्या बोटी कुठं हुत्या?" मी म्हटलं, "आबा, पंप चालत नाही कारण पैसा घातलेला नाही." त्यांना ते पटलं नाही. "कोल्हापूरच्या माणसाला समुद्राचं काय घेणं?" हे त्यांचं शेवटचं वाक्य ठरलेलं असायचं. मालवण आणि सिंधुदुर्ग 1812 पर्यंत कोल्हापूर संस्थानाकडे होते, इंग्रजांनी तहात काढून घेतले. आपलं समुद्राशी नातं असं तुटलंय, ते मुळातच नव्हतं असं नाही.

यशवंतराव चव्हाणांचं नाव इथे घेतलंच पाहिजे. आपल्या राजाराम कॉलेजात शिकलेला माणूस. पोरबंदरचा आदेश त्यांच्याच संरक्षणमंत्रिपदाच्या काळातला, आणि पाणबुड्यांचं दार उघडलं तेही त्यांच्याच काळात. ब्रिटनशी पैशाचं जमलं नाही. 1964 ला ते मॉस्कोला गेले, आणि रशियानं रुपयांत, हप्त्यांनी द्यायची तयारी दाखवली. 8 डिसेंबर 1967 ला पहिली पाणबुडी ‘कलवरी’ तिकडेच, सोव्हिएत संघातल्या रिगा बंदरात आपल्या नौदलात दाखल झाली. तंगीमुळे आपलं निम्मं नौदल रशियन झालं ते असं, आणि त्याची किंमत 1991 नंतर आम्ही मोजली.

1971 ला कराचीवर हल्ला करणाऱ्या क्षेपणास्त्र बोटी बंदराच्या राखणीसाठी घेतलेल्या, पल्ला कमी. मुंबईत तेवढं वजन उचलणारी क्रेन नव्हती म्हणून त्या कलकत्त्याला उतरवून पार मुंबईपर्यंत ओढून आणल्या. त्यातूनच, ओढत नेल्या तर कराचीही गाठता येईल, हा विचार पुढे आला. 4 डिसेंबरच्या रात्री ‘निर्घात’, ‘वीर’, ‘निपात’ यांनी ते करून दाखवलं.

पाच दिवसांनी आपली फ्रिगेट ‘खुकरी’ पाकिस्तानी पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली, 18 अधिकारी आणि 176 नौसैनिकांसह. ती ज्या वर्गातली होती तो वर्गच ब्रिटननं पैसे वाचवायला काढलेला, पाणबुडीविरोधी स्वस्त फ्रिगेट. समोर होती फ्रेंच बनावटीची नवी पाणबुडी ‘हंगोर’. बजेटमधली काटकसर शेवटी कुणाच्या अंगावर येते, याचं याहून स्पष्ट उदाहरण माझ्याकडे नाही.

दोन गोष्टी कबूल करतो. 1962 नंतर डोंगरात पैसा घालणं गरजेचंच होतं, आबांची तक्रार त्या बाबतीत रास्त होती. आणि आदेश नसता तरी 65 ला कराचीवर जाणं सोपं नव्हतं, ‘विक्रांत’ गोदीत आणि क्षेपणास्त्र बोटी आलेल्याच नव्हत्या.

आबा गेले, पण वाद चुलतभावाकडे आला. तो म्हणतो, नव्या ‘विक्रांत’वर वीस हजार कोटी घातले त्यात सैन्याचं किती भागलं असतं. त्याला माझा सवाल एवढाच आहे. जुनी ‘विक्रांत’ 1997 च्या जानेवारीत निवृत्त झाली, ‘विक्रमादित्य’ आली 2013 च्या नोव्हेंबरात. मधल्या सगळ्या वर्षांत आपल्याकडे फक्त ‘विराट’ होती, तीही 1944 ला बांधायला घेतलेली ब्रिटिश ‘हर्मीस’. ती दुरुस्तीला गेली की देशाकडे एकही विमानवाहू नौका नसायची. तेव्हा कराची पुन्हा गाठायची वेळ आली असती तर कशाच्या जोरावर, हे त्यानं मला सांगावं. मग मी वीस हजार कोटींवर बोलायला तयार आहे.