गल्ल्यातले पैसे कोणाचे?

चिरंजीवीस अनेक आशीर्वाद,

तुझं एक्सेल काल रात्री दोनदा पाहिलं. मालवण-गुहागरचे होमस्टे आणि तिथवरची बस एकाच जागी बुक व्हावी, ही कल्पना मला आवडली. गेल्या मे महिन्यात तारकर्लीच्या एका खोलीसाठी मी सात फोन केले होते, त्यामुळे गरज पटवून द्यायला नको. पण शेवटच्या रकान्यात 'बँकेत शिल्लक' असा जो आकडा तू हिरव्या रंगात रंगवला आहेस, त्याच्यासाठी हे पत्र. बाकीचं भेटल्यावर बोलू.

अगं, तो आकडा तुझा नाही. तुझं कमिशन तेवढं तुझं. उरलेले पैसे खोलीवाल्या मावशींचे, बसमालकाचे, आणि मुक्काम होईपर्यंत तर त्यांचेही नाहीत, प्रवाशाचेच.

मी या धंद्यात आलो तो स्वारगेटजवळच्या ट्रॅव्हल्सच्या एका टपरीवरून. टेबलाच्या काचेखाली बसचा चार्ट, त्यावर पस्तीस चौकोन, शेजारी पेन्सिल आणि खोडरबर. पुढच्या चार सीटा सांगलीच्या एजंटाच्या कोट्यात, मागच्या कराडच्या. दिवाळीत एका सीटवर दोघे जण उभे राहिले, की आमचा मालक त्यातला शांत दिसणारा हेरायचा आणि त्याला केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी बसवायचा. पण एक होतं. गाडी सुटली की एजंट कमिशन कापून उरलेली रोकड त्याच रात्री पाठवून द्यायचा. हिशेब रोजच्या रोज मिटायचा, त्यामुळे गल्ल्यातले पैसे आपले वाटायला उसंतच नसायची.

हा चार्ट कॉम्प्युटरवर नेला तो रेडबससारख्यांनी. २००५ च्या दिवाळीत बंगळुरूहून हैदराबादला जायला रेडबसचे संस्थापक फणींद्र समा यांना तिकीट मिळालं नाही, ती गोष्ट तू ऐकली असशीलच. त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी आधी बसमालकांसाठी सॉफ्टवेअर लिहिलं होतं, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. ते कोणी घेईना. मग २००६ मध्ये थोड्या सीटा मागून घेऊन स्वतःच विकायला बसले. मालकाला गाडी भरून हवी होती. ती कोणत्या यंत्रावर भरते याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. २०१३ मध्ये आयबिबो या ऑनलाइन धंद्यातल्या मोठ्या कंपनीने रेडबस विकत घेतली. तुझ्या मावशींनाही तुझं अ‍ॅप बघायला लावू नकोस. त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर 'शुक्रवारी चौघं, दोघे शाकाहारी' एवढं कळलं की पुरे.

ऑनलाइन झालं तसं पैसे येण्याचा दिवस आणि देण्याचा दिवस यांच्यात अंतर पडलं. लोक दोन महिने आधी पैसे भरतात, आपण मुक्काम झाल्यावर देतो. बुकिंग वाढत असतं तोवर आज आलेल्या पैशांतून कालचं देणं भागतं, आणि कंपनी तोट्यात आहे हे तिच्या मालकालाही दिसत नाही. पुढे मी ऑनलाइन तिकिटं विकणाऱ्या ज्या कंपनीत होतो तिथे याच पैशांतून जाहिराती झाल्या, नवं ऑफिस झालं, त्यात एक भलंमोठं मत्स्यालयही आलं. सह्या करणाऱ्यांत मीही होतो.

मग २५ मार्च २०२० ला देशांतर्गत विमानं थांबली. इचलकरंजीच्या एक बाई रोज सकाळी दहाला फोन करायच्या. मुलाच्या लग्नाला दिल्लीला जायची चौदा तिकिटं होती. आवाज कधी चढवला नाही. 'आज काही कळलं का हो?' एवढंच विचारायच्या. विमान कंपनीने आमचे पैसे परत न देता पुढच्या तिकिटांसाठीचं क्रेडिट म्हणून अडकवले होते हे खरं, पण आमच्या खात्यातही त्यांना द्यायला काही उरलं नव्हतं, हेही तितकंच खरं. १ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने परताव्याचा निकाल दिला, एजंटामार्फत काढलेली तिकिटंही त्यात धरली. तरी लॉकडाऊनमधल्या तिकिटांची प्रकरणं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणापुढे २०२४ मध्येही चालूच होती. त्या बाईंचे पैसे आम्ही चार हप्त्यांत दिले. मत्स्यालय विकलं, त्याचे फार आले नाहीत.

तू म्हणशील, मोठ्या कंपन्यांनाही तोटा झालाच की. झाला. दीप कालरांनी २००० मध्ये मेकमायट्रिप काढली आणि लगेच डॉटकॉमचा, म्हणजे इंटरनेट कंपन्यांच्या तेजीचा, फुगा फुटला. त्यांनी स्वतःची बचत घालून गुंतवणूकदाराचा वाटा विकत घेतला, अमेरिकेतल्या भारतीयांना तिकिटं विकत दिवस काढले, आणि भारतात दुकान मांडलं ते २००५ मध्ये. तोवर रेल्वेच्या ऑनलाइन तिकिटामुळे लोकांना कार्डाने पैसे भरायची सवय लागू लागली होती. बुडाली असती तर त्यांची बचत बुडाली असती. उलट होमस्टेच विकणारी चेन्नईची स्टेझिला फेब्रुवारी २०१७ मध्ये बंद पडली, आणि पुरवठादाराच्या थकबाकीचा वाद पोलिसांपर्यंत गेला. तिच्याबद्दल सवडीने वाच.

तुझं गणित तर विमानवाल्यांपेक्षाही नाजूक आहे, कारण कोकणाला हंगाम आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात तुझी शिल्लक सगळ्यात फुगलेली दिसेल आणि तू दोन माणसं नेमशील. जूनमध्ये पाऊस लागला की नवं बुकिंग थांबेल, आणि नेमक्या तेव्हाच मेचे पैसे मागायला सगळे होमस्टेवाले उभे राहतील. वर एखादं वादळ. २०१९ मध्ये ऐन दिवाळीच्या तोंडावर क्यार आलं, तेव्हा देवगड-मालवणच्या किनाऱ्यावर समुद्र आत शिरला होता. अशा आठवड्यात सगळे एकदम परतावा मागतात.

म्हणून दुसरं खातं उघड. प्रवाशाचे पैसे थेट त्यात जाऊ देत, आणि मुक्काम झाला की फक्त कमिशन तुझ्या खात्यात घे. मावशींना दर सोमवारी पैसे पोचव. गुंतवणूकदार म्हणेल, पैसे असे पडून का ठेवलेत? म्हणू दे.

तुझ्या शीटमध्ये जून, जुलै, ऑगस्टचे रकाने कोरे आहेत. ते भरून पाठव, आणि हिरवा रंग तेवढा काढ. तारकर्लीचा तो सातव्या फोनवाला खोली देतो आणि बांगडाही छान करतो. त्याचा नंबर हवा असेल तर सांग.

तुझा काका