वाचकांचे प्रश्न: मेंदूतल्या अमीबावर लस का नाही?

प्रश्न : माझा मुलगा कोझिकोडला नोकरीला आहे. तिथल्या 'मेंदू खाणाऱ्या अमीबा'च्या बातम्या वाचून माझी झोप उडाली आहे. करोनाची लस वर्षभरात आली, मग यावर का येत नाही? मी रोज जलनेती करते, ती बंद करू का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, जलनेतीचं आधी सांगते. बंद करू नका, पण नळाचं पाणी नुसतं कोमट करून नाकात घालू नका. ते निदान एक मिनिट खळखळून उकळा, झाकून निवू द्या, मगच वापरा. २०११ साली अमेरिकेत लुइझियानात दोघं जण नेतीपात्रात नळाचं पाणी घेतल्यामुळे याच आजाराने दगावले. हे पाणी पोटात गेलं तर आजार होत नाही. हा अमीबा, नेग्लेरिया फाउलेरी, नाकातूनच शिरतो आणि वासाच्या नसांवरून थेट मेंदूत पोचतो.

आता लस. करोना विषाणूची प्रथिनं तीसच्या आसपास, त्यातलं काट्यांचं प्रथिन तर बाहेरच उभं. या अमीबात प्रथिनं घडवणारी दहा हजारांहून अधिक जनुकं आहेत. त्यातून शरीराला शत्रूची ओळख पटवणारं प्रथिन, म्हणजे प्रतिजन, निवडायचं.

मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. वर्गात याचा निरुपद्रवी भाऊबंद, नेग्लेरिया ग्रुबेरी, दाखवते. आगार नावाच्या जेलीच्या बशीत जिवाणूंचा पातळ थर द्यायचा. काही दिवसांत त्या थरात मोकळी जागा दिसू लागते, अमीबा चरत गेला तिथली. तोच अमीबा स्वच्छ पाण्यात सोडला, की तासा-दोन तासांत त्याला शेपट्या फुटतात आणि तो पोहत सुटतो. मुलं दरवर्षी सूक्ष्मदर्शकापासून हलत नाहीत. उपासमार झाली, की तोच कवचात जाऊन बसतो. रूप बदललं की अंगावरची प्रथिनंही बदलतात, म्हणून मेंदूत धुडगूस घालणाऱ्या सरपटत्या रूपावर जे असतं तेच प्रथिन हवं.

तेवढ्यानेही भागत नाही. अंगाला चिकटलेली प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) हा अमीबा एका टोकाला गोळा करतो आणि गिळून टाकतो! शिवाय त्याची काही प्रथिनं, उदाहरणार्थ अ‍ॅक्टिन, आपल्या पेशींतल्या प्रथिनांसारखीच असतात. त्यावर लस बेतताना आपल्याच शरीरावर उलटणार नाही ना, हे पाहावं लागतं. दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी 'एनएफए-१' हे प्रथिन निवडलं. ते अमीबाच्या छद्मपादांत, म्हणजे सरपटायला तो जे पायांसारखे फुगवटे काढतो त्यांत असतं, आणि पेशी गिळायला तो जी वाटीसारखी तोंडं उघडतो त्यांतही. उंदरांवर त्याचे चांगले परिणाम दिसले आहेत.

मला जास्त आशा वाटते ती मेक्सिकोतल्या प्रयोगांची. तिथे अमीबाचा अर्क आणि प्रतिकारशक्तीला चेतवायला कॉलऱ्याचं विष उंदरांच्या नाकातच दिलं. मग खरा अमीबा आला तेव्हा नाकातला शेंबूड आणि तिथली प्रतिपिंडं यांनी त्याला वाटेतच गुंडाळून ठेवलं. माझं मत असं, की दंडात टोचून रक्तात प्रतिपिंडं वाढवण्यापेक्षा पहारा नाकातच बसवायला हवा. लक्षणं दिसू लागल्यावर रुग्ण बहुधा काही दिवसांतच जातो, तेवढ्यात शरीराला तयारी करायला सवडच मिळत नाही. पण कॉलऱ्याचं विष माणसाच्या नाकात घालता येणार नाही, त्याला सुरक्षित पर्याय हवा. आणि रुग्ण इतके कमी, की माणसांवर चाचणी घ्यायची तरी कोणावर? अमेरिकेत १९६२ ते २०२३ मध्ये १६४ जणांना हा आजार झाला, त्यातले चारच वाचले.

मुलाला सांगा, साचलेल्या कोमट तळ्यात सूर मारू नकोस, उतरलास तर नाकाला चिमटा लाव. पोहल्यानंतरच्या दोन आठवड्यांत ताप, जोराची डोकेदुखी, उलट्या झाल्या, तर डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता 'मी तळ्यात उतरलो होतो' हे त्याने पहिल्या वाक्यात सांगायचं. २०२४ साली कोझिकोड जिल्ह्यातला चौदा वर्षांचा मुलगा वाचला, तो निदान लवकर झालं आणि मिल्टेफोसिन हे औषध वेळेत मिळालं म्हणून.