दहाची पट्टी आणि दहाचा गठ्ठा

शाळेची पहिली चाचणी झाली की गणितात अडणाऱ्या मुलांना घेऊन माझ्याकडे येणाऱ्या पालकांची तक्रार साधारण एकाच चालीवर असते. “मॅडम, घरी सगळं आणलंय. ठोकळे आणले, मणी आणले, ऑनलाइन बघून मॅथ्स किट मागवलं. आवडीनं खेळते. पण वहीत गणित मांडलं की चुकलंच.” मग जरा आवाज खाली आणून दुसरी काळजी येते. “आणि या वस्तूंची सवय लागली तर? परीक्षेत काय ठोकळे घेऊन बसणार आहे?”

दादरच्या माझ्या खोलीत ही दोन वाक्यं इतक्यांदा ऐकली आहेत की एकदा सविस्तर लिहावंसं वाटलं. त्यासाठी एका कुटुंबाचा अनुभव सांगते. त्यांची परवानगी आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी तिसरीत, शाळा इंग्रजी माध्यमाची, घर कांजूरमार्गला. आई फोर्टमध्ये नोकरीला, बाबांची शिफ्ट ड्युटी, घरात बेस्टमधून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले आजोबा. आई साडेसातला घरी पोचणार, कुकर लावणार आणि साडेआठला गणिताची वही उघडणार. नऊच्या सुमारास मुलगी रडणार, नंतर आई. गणिताचा पेपर असला की मुलीच्या पोटात दुखायचं. डॉक्टरांनी तपासून काही नाही म्हटलं, तेव्हा ही मंडळी माझ्याकडे आली.

मी म्हटलं, घरी जसं शिकवता तसंच इथे करून दाखवा. आईनं किटचा डबा उघडला. गणित होतं ५२ वजा २७. तिनं दहाच्या पाच पट्ट्या आणि दोन सुटे ठोकळे भराभर मांडले.

“हे बघ, फिफ्टी टू. आता टेन्समधून एक बॉरो करायचा. ही पट्टी बाजूला ठेवली, हे दहा सुटे घेतले. आता सेव्हन काढले. किती राहिले?”

“फाइव्ह.”

“बघितलंत मॅडम? इथे सगळं बरोबर येतं!”

मग वहीत तेच गणित दिलं. मुलीनं उत्तर लिहिलं ३५.

आई म्हणाली, “निष्काळजी आहे हो फार.”

मी म्हटलं, “निष्काळजी मूल दर वेळी वेगळी चूक करतं. मागची चार पानं बघा, हिची चूक सगळीकडे एकच आहे.” दोनातून सात जात नाहीत, म्हणून ती सातातून दोन काढत होती. पहिलीत कुणीतरी ‘मोठ्यातून लहान वजा करायचं’ असं सांगितलं असणार आणि बिचारी तो नियम इमानदारीनं पाळत होती.

आणखी दोन गोष्टी माझ्या नजरेत आल्या. ठोकळे मांडताना, काढताना, बदलताना हात आईचे चालले होते. मुलीचे दोन्ही हात मांडीखाली दाबलेले होते. आणि मी दहाची एक पट्टी तिच्या हातात देऊन ‘यात किती?’ असं विचारलं, तर तिनं नखानं एकेक खाच मोजून दहा सांगितलं. दुसरी पट्टी दिली, परत पहिल्यापासून मोजलं. तिसरी दिली, तेच. त्या पट्टीत दहा असतात हे तिला सांगितलेलं होतं, पटलेलं नव्हतं. तिच्या लेखी ती खाचा असलेली एक वस्तू होती.

किट आणणाऱ्या बहुतेक घरांत घोळ होतो तो इथे. प्लॅस्टिकची पट्टी म्हणजे कारखान्यातून तयार होऊन आलेला दशक. ती मोडता येत नाही, बदलून घ्यावी लागते. पण ‘या एकाऐवजी हे दहा’ हा व्यवहार मान्य करायला मुलानं आधी स्वतः दहा मोजून एक दशक बांधलेला असावा लागतो, आणि तो सोडूनही पाहिलेला असावा लागतो. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. आधी सुट्या वस्तू, ज्यांचा गठ्ठा बांधता आणि सोडता येतो. मग तयार पट्ट्या. मग नोटा आणि नाणी, कारण दहाची नोट रुपयाच्या नाण्यापेक्षा दहापट मोठी दिसत नाही, तिच्यावर विश्वासच ठेवावा लागतो. आणि अखेरीस अंक. तिथे तर पाच हा पाचच दिसतो, तो पाच आहे की पन्नास हे फक्त त्याची जागा सांगते. आपण पालक दुसऱ्या पायरीवरून सुरुवात करतो आणि उडी थेट चौथीवर मारायला लावतो.

यात माझं स्वतःचं फारसं काही नाही. जेरोम ब्रूनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९६० च्या दशकात मांडलं होतं की मूल आधी कृतीतून, मग चित्रातून आणि मग चिन्हांतून समजून घेतं. मला मात्र या बाबतीत ब्रूनरपेक्षा ताराबाई मोडक जवळच्या वाटतात. १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आणि अनुताई वाघांनी बालवाड्या चालवल्या, तेव्हा माँटेसोरीचं महागडं साहित्य आदिवासी पाड्यांवर परवडणारं नव्हतं. त्यांनी शंख, शिंपले, बिया, पानं, खडे वापरले. लोक याला काटकसर म्हणतात. मला त्यात शहाणपण दिसतं, कारण बिया मुलांनी वेचलेल्या असायच्या.

तर किट माळ्यावर गेलं. स्टेशनरीच्या दुकानातून आइस्क्रीमच्या काड्या आणल्या, कोथिंबिरीच्या जुडीची रबरं जमवली. पहिले काही दिवस वजाबाकी अजिबात नाही. नुसतं मूठभर काड्या उचलायच्या, अंदाज सांगायचा, दहा-दहाचे गठ्ठे बांधायचे आणि किती झाल्या ते बोलायचं. वेळ दहा-पंधरा मिनिटं, तीही जेवणाआधी. मोठ्यांसाठी नियम एकच, काड्यांना हात लावायचा नाही.

चार दिवसांनी आईचा फोन आला. “मॅडम, हात आपोआप जातात हो.”

“गवार निवडायला घेऊन बसा.”

ती हसली, पण बसली खरी. हा उपाय मी आता सगळ्यांनाच सांगते. पुरुषांना लसूण देते.

आजोबांना हा सगळा प्रकार पोरखेळ वाटत होता. “आम्ही पाढे पाठ केले मॅडम, काड्या नाही मोजत बसलो.” त्यांना मी विचारलं, “गर्दीच्या वेळी कुणी तिकिटासाठी शंभराची नोट पुढे केली तर?” त्यांचा चेहराच बदलला. बोटांच्या बेचक्यांत नोटा कशा दुमडून धरायच्या, दहाच्या कुठे, पन्नासच्या कुठे, सुट्टे संपत आले की पुढच्या स्टॉपपर्यंत कसं निभवायचं, हे सगळं त्यांनी रंगवून सांगितलं. नात पहिल्यांदाच मान वर करून ऐकत होती. मी म्हटलं, आजोबा, तुमची पाळी तिसऱ्या पायरीवर येणार आहे, तयार राहा.

ज्या शनिवारी गणित सुटलं, त्या दिवशी तिघंही आले होते. टेबलावर पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या. मी इतकंच म्हटलं, “आजोबांना सत्तावीस दे.”

तिनं दोन गठ्ठे लगेच दिले. मग दोन सुट्या काड्या दिल्या. आणि थांबली.

आईनं श्वास घेतला. मी तिच्याकडे पाहिलं, तिनं पर्स घट्ट धरली. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मुलीनं एक गठ्ठा उचलला आणि रबर न काढताच त्यातून एक काडी ओढली. मग आणखी एक. हळूहळू पाच काड्या ओढून आजोबांच्या हातावर ठेवल्या. उरलेल्या गठ्ठ्याचं रबर सैल होऊन लोंबायला लागलं. ती त्याच्याकडे बघत राहिली.

“हा आता गठ्ठा नाहीये.”

“का गं?”

“दहा नाहीत ना यात.” तिनं रबर काढून टाकलं, काड्या मांडल्या. “टू गठ्ठे आणि फाइव्ह. ट्वेंटी फाइव्ह.”

“पंचवीस,” आजोबा म्हणाले.

मी काही बोलणार, तेवढ्यात तिनं स्वतःच दप्तरातून वही ओढली. शाळेत बाईंनी तिचं चुकलेलं उत्तर खोडून बाजूला बरोबर करून दाखवलं होतं. पाचावर काट, वर बारीक चार, आणि दोनाच्या डाव्या बाजूला चिमुकला एक. ती ते पान बघत बसली.

“ताई, हे फोर म्हणजे एक गठ्ठा सुटला म्हणून?”

“हं.”

“मग हा वन, वन नाहीच आहे. हा सुटलेला गठ्ठा आहे!”

आईचे डोळे भरून आले, पण लगेच पुढची चिंता होतीच. “पण मॅडम, शाळेत आधी युनिट्स करतात. हिनं तर दशक आधी दिले.” मी म्हटलं, देऊ दे. सत्तावीस रुपये द्यायचे असतील तर तुम्हीही आधी दहाच्या दोन नोटाच काढाल. शाळेची रीत ती शिकेल, कारण त्या रीतीतल्या खुणांचा अर्थ आता तिच्याकडे आहे. त्या शनिवारी मुलीशी बोलताना ‘सत्तावीस’ सोडून मी एकही आकडा उच्चारला नव्हता, हे मला आजही सांगायला आवडतं. रबर सैल झालेलं पाहून तिला जे कळलं, ते मी समजावून सांगितलं असतं तर बाईंच्या त्या चिमुकल्या एकासारखंच वहीत पडून राहिलं असतं.

आता सवयीच्या काळजीबद्दल. वस्तू सुटत नाहीत त्या घरांत मला बहुधा एकच गोष्ट दिसते. आठवडाभर नुसत्या वस्तू, मग एके दिवशी वस्तू बंद आणि नुसती वही. दोन्हींची गाठ कधी पडतच नाही. वही पहिल्यापासून शेजारी हवी. गठ्ठा सोडला की हातातलं रबर खाली ठेवायच्या आत वहीत पाचाचे चार करायचे. हात जे करतो त्याची नोंद म्हणजे वहीतलं गणित, हे मुलाला दिसलं पाहिजे. काही दिवसांनी काड्यांऐवजी चित्र काढायचं. दशकाला उभी रेघ, सुट्याला टिंब. दशक सोडायचा तर रेघ खोडून दहा टिंबं काढायची. हे काम कंटाळवाणं आहे आणि तो कंटाळा फार कामाचा आहे. तिसऱ्या-चौथ्या गणिताला मूल स्वतःच म्हणतं, “कळलं, नाही काढत आता टिंबं.” वस्तू अशा सुटतात. हिसकावून घेतल्या की मूल टेबलाखाली बोटांवर मोजतं. बोटांवरही मोजू द्या, उघडपणे मोजू द्या.

या मुलीच्या काड्या दिवाळीनंतर डब्यात गेल्या. मध्ये एकदा तिनं मदत मागितली ती ३०४ वजा १६८ ला, मध्ये शून्य आल्यावर. दशकाच्या घरात काहीच नाही, तर सोडणार काय? तेव्हा आजोबा कामाला आले. खेळण्यातल्या शंभराच्या तीन नोटा आणि चार नाणी. “आधी शंभराचे सुट्टे घे. दहाच्या दहा आल्या? आता त्यातल्या एकीचे सुट्टे घे.” १३६ उत्तर आलं, ते तिनं आजोबांच्या ‘तिकीट, तिकीट’ या आरोळ्यांत काढलं.

मुंबईतल्या मराठी घरांत आणखी एक गुंता असतो. आजोबांचं बावन्न आणि शाळेतलं फिफ्टी टू. बावन्नात दोन आधी ऐकू येतात, म्हणून काही मुलं २५ लिहून मोकळी होतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची रीत दिली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. त्या वादात मी पडत नाही. गठ्ठ्यांवर हात ठेवून ‘पाच दशक दोन’, ‘बावन्न’, ‘फिफ्टी टू’ असं तिन्ही म्हणायला लावते, मुलं गोंधळत नाहीत.

हे सगळं धीरानं करूनही काही महिन्यांत फरक पडत नसेल, आठ-नऊ वर्षांच्या मुलाला पाच आणि आठ यांत मोठा कोण हे दर वेळी मोजावं लागत असेल, तर घरच्या उपायांवर थांबू नका. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अध्ययन अक्षमतेची तपासणी होते. तिथे जाण्यात कमीपणा नाही. उशीर करण्यात मात्र मुलाचं नुकसान आहे.

परवा त्या आईचा पुन्हा मेसेज आला. आता अपूर्णांक सुरू झालेत, पोळीचे तुकडे करून शिकवू का? मी लिहिलं, चतकोर म्हणजे काय ते सांगायला पोळी चालेल, पण मोजायला नको. आपल्या पोळीचे चार भाग कधी सारखे होत नाहीत, आणि हिला तर आता सारखेपणा तपासायची खोड लागली आहे. वर्तमानपत्राच्या सारख्या लांबीच्या पट्ट्या कापा. एकीची एक घडी, दुसरीच्या दोन, तिसरीच्या तीन. उलगडून एकाखाली एक ठेवायला सांगा आणि विचारा, अर्ध्याइतके पाव किती. घड्या तिलाच घालू द्या.