मुलीचा विमा विचारलात, पण तुमचा कुठे आहे?

पत्र सांगलीहून आलं आहे. नाव देत नाही. मजकूर थोडक्यात असा:

"माझं वय ५६, खासगी कारखान्यात नोकरी, ५८ला निवृत्ती. पत्नी ५१, गृहिणी. मुलगी २४ वर्षांची, एम.एस्सी.साठी ड्रेस्डेनला निघाली आहे, २३ सप्टेंबरचं तिकीट आहे. १४ लाखांचं शैक्षणिक कर्ज घेतलंय, व्याज साडेदहा टक्के. जर्मनीतला सरकारी आरोग्य विमा महिना १४५ युरोला पडतो असं कळलं. आमचे नेहमीचे एजंट म्हणतात, त्यापेक्षा आपल्याकडची स्टुडंट पॉलिसी दोन वर्षांसाठी ५८ हजारांत बसते, कव्हर ५० हजार डॉलर. मित्राच्या मुलाला अमेरिकेत अशीच पॉलिसी चालली. मुलीला थायरॉइडची गोळी चालू आहे, बाकी तब्येत ठणठणीत. कोणता विमा घ्यावा? खर्चाची ओढाताण असल्यामुळे घरची १० लाखांची फ्लोटर (सगळ्या कुटुंबाची मिळून एक आरोग्य पॉलिसी, गेल्या वर्षी हप्ता ४२ हजार) २४ जूनला संपली ती रिन्यू केली नाही. ती २०१४पासून होती, २०२१ला मिरजेत माझी अँजिओप्लास्टी झाली तेव्हा उपयोगी पडली. आता कंपनीचं ३ लाखांचं ग्रुप कव्हर आहेच. शिवाय मुलीच्या लग्नासाठी एजंटच्या सल्ल्याने एक गॅरंटीड प्लॅन घेतला: दहा वर्षं एक-एक लाख भरायचे, वीस वर्षांनी २२ लाख मिळणार. पॉलिसी २२ जूनला हातात आली. तेही ठीकच ना?"

एरवी मी पत्रांची उत्तरं इथेच देतो. हे पत्र १२ जुलैला मिळालं आणि त्याच संध्याकाळी मी या गृहस्थांना फोन केला, कारण पत्रात दोन तारखा दडल्या होत्या आणि मजकूर छापून येईपर्यंत दोन्ही उलटून गेल्या असत्या. त्यांनी मुलीच्या विम्याबद्दल विचारलं होतं. मी पहिली पंधरा मिनिटं त्यांच्याच विम्याबद्दल बोललो. "अहो, पण जर्मनीचं काय?" असं त्यांनी दोनदा विचारलं.

आधी फ्लोटर. वर्षाचा हप्ता एकदम भरत असाल, तर पॉलिसी संपल्यावर ३० दिवसांचा ग्रेस पिरियड, म्हणजे हप्ता भरायची वाढीव मुदत, मिळतो. त्यांची मुदत २४ जुलैला संपत होती. त्याच्या आत हप्ता भरला की जुनी सगळी पुण्याई शाबूत राहते: बारा वर्षं, संपलेले वेटिंग पिरियड (आजाराला कव्हर मिळण्याआधी थांबायचा काळ), सगळं. ग्रेसमध्ये विमाही चालू असतो हा मात्र गैरसमज. वार्षिक हप्ता असेल तर त्या मधल्या दिवसांना कव्हर नसतं. म्हणजे २४ जूनपासून ते दोघं ग्रुप कव्हरच्या ३ लाखांवरच होते आणि त्यांना त्याची गंधवार्ता नव्हती.

मुदत उलटून गेली असती तर? ५६ वर्षांचा माणूस, हृदयात स्टेंट. नवी पॉलिसी मागायला गेलात की कंपनी आधी वैद्यकीय तपासण्या लावते, मग हप्ता चढवते किंवा सरळ नकार देते. दिलीच, तर आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत वेटिंग. हृदयाचं काही निघालं तर तीन वर्षं खिशातून. आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. सलग पाच वर्षं पॉलिसी चालली की फसवणूक सिद्ध केल्याशिवाय कंपनीला 'तुम्ही अमुक आजार लपवला होता' म्हणून क्लेम नाकारता येत नाही. हे कवच त्यांनी केव्हाच कमावलं होतं. ४२ हजार वाचवायला ते टाकून देणार होते.

बरं, ते ४२ हजार तरी खरे होते का? सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला आहे. गेल्या वर्षीच्या ४२ हजारांतले साडेसहा हजारांच्या आसपास करापायी गेले होते. "यंदाची रिन्यूअल नोटीस उघडून बघितलीत का?" विचारलं. नव्हती बघितली. फोन चालू असतानाच शोधून काढली, आकडा निघाला ३८ हजार. कंपनीने मूळ हप्ता थोडा वाढवला होता, तरीही गेल्या वर्षीपेक्षा कमीच.

ग्रुप कव्हरवर भिस्त ठेवणाऱ्यांना मी नेहमी एकच विचारतो: नोकरी सुटेल त्या दिवशी काय? यांचा तो दिवस दोन वर्षांवर आहे. नेमकी तेव्हाच मुलीची पदवी पूर्ण होत असेल, ती नोकरी शोधत असेल आणि कर्जाचे हप्ते दारात उभे असतील. आणि २०२१पासून इस्पितळांची बिलं खाली आलेली नाहीत. एक बायपास झाली आणि ३ लाखांच्या वर चार लाख गेले, तर ते कुठून येणार? मुलीच्या दुसऱ्या वर्षासाठी ठेवलेल्या पैशांतून. दुसरीकडे पैसे आहेतच कुठे? म्हणून म्हणतो, फ्लोटर हा मुलीच्या शिक्षणाचाच खर्च समजा आणि विमानाच्या तिकिटाशेजारी लिहा.

आता तो गॅरंटीड प्लॅन. दहा लाख भरून २२ लाख मिळणार म्हटलं की 'दुपटीहून जास्त' ऐकू येतं आणि वीस वर्षं ऐकूच येत नाहीत. ढोबळ हिशेब करा. प्रत्येक लाख सरासरी साडेपंधरा वर्षं अडकतो आणि २.२ पट होतो. दर पडतो पाच टक्के. तिकडे कर्जावर साडेदहा टक्के भरायचे, वर्षाला जवळपास दीड लाख नुसतं व्याज, आणि इकडे दरसाल एक लाख पाच टक्क्यांनी गुंतवायचे. शेजाऱ्याने असा व्यवहार केला असता तर याच गृहस्थांनी त्याला वेड्यात काढलं असतं. आणि लग्न! मुलगी २४ची, पैसे मिळणार ती ४४ची झाल्यावर. निवृत्तीनंतर आठ वर्षं दरसाल लाखाचा हप्ता कुठून भरणार, हा प्रश्न एजंटने विचारलाच नव्हता. तो कशाला विचारेल? जुन्या आरोग्य पॉलिसीच्या रिन्यूअलवर त्याला किरकोळ कमिशन मिळतं आणि अशा प्लॅनच्या पहिल्या हप्त्यावर घसघशीत. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी ही म्हण या धंद्यात उलटी लागू पडते. बंब तिथेच जातो जिथे भाडं जास्त.

सुदैवाने पॉलिसीचा कागद हातात आल्यापासून ३० दिवस फ्री लूक असतो. नको असेल तर परत करायची, कारण सांगून अर्ज द्यायचा, पोच घ्यायची. स्टँप ड्यूटी, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि तेवढ्या दिवसांचा जोखमीचा हप्ता कापून बाकी पैसे परत मिळतात. त्यांची मुदत २२ जुलै होती. अर्ज एजंटच्या हाती द्यायचा नाही, कंपनीला ई-मेल करायचा आणि शाखेत जाऊनही द्यायचा, हे मी तीनदा बजावलं, कारण एजंटच्या पिशवीत गेलेले असे अर्ज मुदत संपल्यावरच बाहेर येतात. परत आलेल्या लाखात फ्लोटरचे यंदाचे आणि पुढच्या वर्षीचे हप्ते निघतात, वर २० हजारांच्या आसपास उरतात.

आता जर्मनी. इथे पत्रातली चूक प्रामाणिक आहे, पण महाग पडणारी आहे.

मित्राच्या मुलाचं उदाहरण अमेरिकेतलं. एफ-१ व्हिसावर जाणाऱ्या विद्यार्थ्याला तिथल्या केंद्र सरकारची विम्याची सक्ती नाही, सक्ती विद्यापीठ करतं. विद्यापीठाचा विमा वर्षाला काही हजार डॉलरचा असतो आणि बऱ्याच ठिकाणी 'आमच्याकडे तेवढंच कव्हर आहे' असं दाखवलं की वेव्हर, म्हणजे त्या विम्यातून सूट, मिळते. आपल्याकडचा स्टुडंट पॉलिसीचा बाजार त्या वेव्हरवर उभा राहिला. ब्रिटनमध्ये प्रश्नच नाही, व्हिसाच्या अर्जाबरोबर वर्षाला ७७६ पौंड आरोग्यसेवेचा सरचार्ज भरावाच लागतो. ऑस्ट्रेलियात परदेशी विद्यार्थ्यांसाठीचा त्यांचाच ओएसएचसी आरोग्य विमा, तोही व्हिसाच्या पूर्ण मुदतीचा. प्रत्येक देशाचं कुलूप वेगळं आहे आणि आपले एजंट एकच किल्ली घेऊन दारोदार फिरतात.

जर्मनीत विद्यापीठात नाव नोंदवायचं तर तिथल्या एखाद्या सरकारी योजनेतल्या विमा संस्थेकडून, म्हणजे टीके, एओके, बार्मर अशांपैकी एकीकडून, विद्यापीठाला इलेक्ट्रॉनिक निरोप जावा लागतो: ही विद्यार्थिनी आमच्याकडे विमाधारक आहे, किंवा तिला सक्तीतून सूट आहे. निरोप नाही तर नोंदणी नाही. खासगी विमा घेणाऱ्यालाही सूट मिळाल्याचा कागद अशाच संस्थेकडून आणावा लागतो. आणि ही सूट एकदा घेतली की शिक्षण संपेपर्यंत परतीचा रस्ता बंद. पहिल्या सेमिस्टरला ५८ हजारांत काम भागवू आणि जमलं नाही तर सरकारीत जाऊ, असं तिथे चालत नाही. पदवीनंतर नोकरी शोधायच्या महिन्यांतही, आधीचा विमा सरकारी नसेल तर स्वेच्छेने त्यात शिरता येत नाही, नोकरी लागेपर्यंत खासगीच घ्यावा लागतो. मुळात आपली प्रवास विम्याच्या घाटाची पॉलिसी ती सूट मिळायला पुरेशी धरली जाईल, हीच आशा भाबडी आहे.

आता १४५ युरोत काय मिळतं ते बघा. विम्याच्या रकमेला कमाल मर्यादा नाही. आधीच्या आजारांना वेटिंग नाही, थायरॉइडची गोळी पहिल्या महिन्यापासून. डॉक्टरांकडे गेलात तर पैसे काढायचे नाहीत, कार्ड दाखवायचं. औषधामागे ५ ते १० युरो स्वतःचे, इस्पितळात राहावं लागलं तर दिवसाला १० युरो, तेही वर्षात जास्तीत जास्त २८ दिवस. समोर ५० हजार डॉलरची पॉलिसी ठेवा. मी ब्रोशर मागवून वाचलं: आधीच्या आजारांना जीवघेणी आणीबाणी सोडून काही नाही, दातांचं फक्त दुखणं अचानक उद्भवलं तर, आणि प्रत्येक क्लेमला पहिले १०० डॉलर आपले. थायरॉइडच्या तपासण्या वर्षातून दोनदा करायच्या झाल्या तर या पॉलिसीतून एक पैसा सुटणार नाही.

युरो सोयीसाठी १०० रुपये धरला तर वर्षाला पावणेदोन लाख, दोन वर्षांचे साडेतीन लाख. एजंटच्या ५८ हजारांशी तुलना केली की तीन लाख वाचल्यासारखे वाटतात. पण हे साडेतीन लाख कर्जावर वेगळे चढवायचे नाहीत. व्हिसासाठी उघडायच्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (ज्यातून दर महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येते) वर्षाला जे ११,९०४ युरो अडकवावे लागतात, महिन्याला ९९२, ते याच खर्चासाठी आहेत, विम्याचा हप्ता त्यातूनच जातो. उरतात साडेआठशे. वसतिगृहात खोली मिळाली तर ड्रेस्डेनमध्ये भागतं. म्युनिक असतं तर मी हे वाक्य लिहिलं नसतं. 'पार्ट-टाइम करून भागवेल' असं फोनवर तिच्या आईने सांगितलं. वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करायची परवानगी असते, करू दे. पण पहिल्या सेमिस्टरच्या खर्चात त्या कमाईचा एक युरोही धरू नका. मिळाली तर दुसऱ्या वर्षाचा भार हलका होईल.

विद्यार्थ्याचा हा सवलतीचा दर साधारण तिशीपर्यंतच असतो. चोविशीत जाणाऱ्या मुलीला त्याची चिंता नाही. नोकरीची चार-पाच वर्षं करून एकोणतिसाव्या वर्षी निघणाऱ्यांनी मात्र तो दर आपल्याला किती दिवस मिळणार, हे निघण्याआधी बघून घ्यावं.

मुलीचं नाव घरच्या फ्लोटरमधून काढायचं का, हेही त्यांनी फोनवर विचारलं. मुळीच नाही. जर्मनीचा विमा भारतात चालत नाही. डिसेंबरच्या सुटीत ती सांगलीला आली आणि डेंग्यू झाला तर बिल फ्लोटरच भरणार. बऱ्याच फ्लोटरमध्ये मुलं पंचविशीपर्यंतच राहतात, तसं असेल तर पुढच्या वर्षी तिच्या नावावर छोटी स्वतंत्र पॉलिसी काढा आणि जुन्या वर्षांचा फायदा तिला मिळेल असं त्याच कंपनीकडून लिहून घ्या.

१९ जुलैला त्यांचा निरोप आला. फ्लोटर १४ तारखेला रिन्यू झाली. फ्री लूकचा अर्ज शाखेत दिला, पोच मिळाली, त्यानंतर एजंट दोनदा घरी येऊन गेला. मुलीने विमा संस्थेचा अर्ज इथूनच ऑनलाइन भरला आहे, पत्ता आणि बँक खातं तिथे पोहोचल्यावर कळवायचं आहे.

एकच गोष्ट राहते. ती २३ सप्टेंबरला उतरणार आणि सेमिस्टर, म्हणून तिथला विमाही, १ ऑक्टोबरला सुरू होणार. मधल्या आठवड्यासाठी, आणि व्हिसाच्या कागदपत्रांसाठीही, ३० हजार युरोंचा साधा प्रवास विमा लागेल. नोंदणीला उशीर झाला तर म्हणून महिनाभराचा घ्या, काही हजारांत मिळतो. हा त्याच एजंटकडून घेतलात तरी माझी हरकत नाही. त्या दिवशी दुसऱ्या कुठल्याही कागदावर सही मात्र करू नका.