मेणबत्ती कुणासाठी?

प्रश्न : मी वसईची, कॅथलिक. दोन वर्षांपूर्वी मिस्टर गेले. झोप उडाली, म्हणून मैत्रिणीबरोबर इगतपुरीला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर केलं. तेव्हापासून पहाटे तासभर ध्यानाला बसते, संध्याकाळी रोझरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना म्हणते. नणंद म्हणते, "दोन दगडांवर पाय ठेवलास, पडशील." यंदा २ नोव्हेंबरला, आमच्या मृतांच्या स्मरणदिनी, कबरीवर मेणबत्ती लावताना मनात आलं, सगळंच अनित्य, मग ही कुणासाठी? हात तिथंच थांबला. माझी श्रद्धा गेली का?

ताई,

श्रद्धा गेली असती तर हात थांबला नसता. सवयीनं मेणबत्ती लावून तुम्ही घरी आला असता.

नणंदेचं मात्र अगदीच चूक नाही. बुद्धांच्या शिकवणीत जग घडवणारा देव नाही, कायम टिकणारा आत्मा नाही. तुम्ही तर मिस्सेत, चर्चमधल्या उपासनेत, मृतांच्या पुनरुत्थानावर विश्वास असल्याचं म्हणता. "सगळे धर्म शेवटी एकच" म्हणणाऱ्यांनी बहुधा दोन्ही नीट वाचलेले नसतात. तेव्हा जुळवाजुळव नको. शिबिरातही दहा दिवस माळ-प्रार्थना बाजूला ठेवायला सांगतात ना? तेच घरी करा. पहाटे फक्त श्वास आणि संवेदना. संध्याकाळी रोझरी, आणि तेव्हा मन तपासत बसायचं नाही. (मी स्वतः चौथ्या दिवशी, तासभर न हलता बसायचं कळल्यावर, बॅग भरायला निघाले होते. तुम्ही रोज बसता, याचंच मला कौतुक.)

आता तो थांबलेला हात. किसा गौतमी मेलेलं मूल कडेवर घेऊन औषध मागत बुद्धांकडे आली. त्यांनी तिला मोहरी आणायला पाठवलं, पण जिथं कधी कुणी मेलं नाही अशा घरातली. दारोदार फिरली, मोहरी घरोघरी होती, तसं घर एकही नव्हतं. आणि येशू? मेलेल्या मित्राला, लाझराला, आता जिवंत उठवायचंय हे ठाऊक असूनही त्याच्या कबरीकडे जाताना रडले. अनित्य ठाऊक असलं म्हणून, किंवा पुनरुत्थान ठाऊक असलं म्हणून, माणसाची आठवण खोटी पडत नाही. मेणबत्ती मिस्टरांसाठीच होती.

फादरांपासून लपवू नका. इतर धर्मांतलं सत्य आणि पवित्र ते चर्च नाकारत नाही, असं व्हॅटिकन परिषदेनं १९६५ मध्येच म्हटलंय. १९८९ मध्ये रोमनं पूर्वेकडच्या ध्यानपद्धतींबद्दल सावधही केलं. लोणावळ्याचे फादर अँथनी डिमेलो श्वासाच्या ध्यानातून प्रार्थना शिकवत. ते गेल्यावर अकरा वर्षांनी, १९९८ मध्ये, त्यांच्या लिखाणाबद्दल रोमनं इशारा दिला. त्यामुळे तुमचे फादर खूश होतील की कपाळाला आठ्या घालतील, सांगता येत नाही. तरी सांगा.

एक सांभाळा. ओळखीच्या बौद्ध कुटुंबात "मीही अर्धी बौद्धच" म्हणू नका. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांबरोबर लोकांनी धम्म घेतला, तो नुसती झोप यावी म्हणून नव्हे.

पुढच्या २ नोव्हेंबरला मेणबत्ती लावा आणि ती संपेपर्यंत तिथंच बसा. काचेचा ग्लास मात्र न्या, वाऱ्यानं विझायला नको.