एकाच वर्षात मोठ्या घटना आणि मोठं संशोधन, असं साल कोणतं? माझं उत्तर १९५६

प्रश्नात विचारलंय की आधुनिक इतिहासातलं असं एक साल सांगा ज्यात घटनाही मोठ्या घडल्या आणि संशोधनही मोठं झालं. मी नागपूरची आहे, ज्युनिअर कॉलेजात बायोलॉजी शिकवते, त्यामुळे माझं उत्तर विचार न करताच तयार असतं, १९५६. विचार करूनही तेच येतं.

आधी घरचं सांगते. माझी आजी उमरेडच्या पुढच्या एका खेड्यातली. १४ ऑक्टोबर १९५६ ला दसऱ्याच्या दिवशी बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली, त्यासाठी ती गावच्या बायकांबरोबर पायी निघाली, दोन दिवस चालली, कडेवर माझा मोठा मामा. पांढरं लुगडं पाहिजे म्हणून कोणाचं तरी जुनं धोतर धुवून, दुमडून नेसली होती. "पाय फुगले होते, पन बसाव वाटेच नाई" असं सांगायची. आज जिथे दीक्षाभूमी आहे तिथे तेव्हा मोकळी जागा होती, व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळची. लाखो माणसं जमलेली. सकाळी कुशीनाऱ्याच्या महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून बाबासाहेब आणि त्यांच्या पत्नी माईसाहेब यांनी दीक्षा घेतली आणि मग बाबासाहेबांनी स्वतः लोकांना दीक्षा दिली, २२ प्रतिज्ञा म्हणून घेतल्या. आजीला बाबासाहेब नीट दिसलेच नाहीत, ती फार मागे होती, पण लाऊडस्पीकरवरून एकेक ओळ यायची आणि ती तिने सगळ्यांबरोबर मोठ्याने म्हटली, आणि शाळेचं तोंड न पाहिलेल्या त्या बाईला त्यातल्या कितीतरी प्रतिज्ञा मरेपर्यंत पाठ होत्या.

हे मी आधी का सांगून राहिले, तर १९५६ म्हटलं की लोक सुएझ, हंगेरी असं सुरू करतात. तेही सांगते, पण पिढ्यानपिढ्या जे "असंच असतं" म्हणून अंगावर लादलेलं होतं ते माणसांनी एका सकाळी एकत्र येऊन नाकारलं, रक्त न सांडता, हे मला त्या वर्षातलं सगळ्यात मोठं वाटतं, आणि ते माझ्या गावात घडलं.

त्यानंतर अठराव्या दिवशी, १ नोव्हेंबरला, राज्य पुनर्रचना लागू झाली. तोवर नागपूर ही जुन्या मध्य प्रदेशची राजधानी होती, ती भोपाळला गेली. हायकोर्टाची मुख्य गादी जबलपूरला, इथे मुंबई हायकोर्टाचं खंडपीठ राहिलं. विदर्भाचे ८ मराठी जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले, खरंतर याच पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने विदर्भ वेगळा करा असं सुचवलं होतं. आमच्या शेजारचे काका सांगायचे की त्यांचे वडील सचिवालयात कारकून, बदलीची ऑर्डर आली आणि महिन्याभरात घर रिकामं, भाड्याच्या घरातला झोपाळा तेवढा काढता आला नाही म्हणून तसाच सोडून गेले.

आता संशोधनाकडे येते, कारण इथे माझा जीव अडकलेला आहे.

माणसाच्या पेशीत गुणसूत्रं किती? आज दहावीचं पोरगंही ४६ सांगतं. पण १९५६ पर्यंत उत्तर ४८ होतं. १९२३ मध्ये थिओफिलस पेंटर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने ४८ हा आकडा पक्का केला, सुरुवातीला तो स्वतःही ४६ की ४८ यात अडकला होता, पण एकदा छापून आलं आणि मग तीसेक वर्षं सगळ्या पुस्तकांत ४८. मग स्वीडनमधल्या लुंडच्या प्रयोगशाळेत जो-हिन त्जियो आणि आल्बर्ट लेव्हान यांनी भ्रूणाच्या फुप्फुसातल्या पेशी घेतल्या, कोल्चिसिन नावाचं रसायन वापरून पेशींचं विभाजन मधेच थांबवलं, क्षारांचं प्रमाण कमी असलेल्या द्रावणात त्या ठेवल्या म्हणजे पेशी फुगते आणि गुणसूत्रं एकमेकांपासून सुटी होतात, आणि मग स्लाइडवर दाबून चपटी केली. मोजली तर ४६. परत ४६. त्जियो हा जावामध्ये जन्मलेला, महायुद्धात जपान्यांच्या कैदेत राहिलेला माणूस, मूळचा वनस्पतींवर काम करणारा. त्यांचा पेपर १९५६ मध्ये आला.

त्या पेपरात एक उल्लेख आहे जो मी दरवर्षी वर्गात सांगते. त्यांच्या आधी काही संशोधक भ्रूणाच्या यकृतातल्या पेशींवर काम करत होते, त्यांनाही मोजताना पुन्हा पुन्हा ४६ च मिळत होते, आणि उरलेली दोन सापडत नाहीत म्हणून त्यांनी ते काम तेव्हापुरतं सोडून दिलं! म्हणजे डोळ्यांना बरोबर उत्तर दिसत होतं पण पुस्तकावर विश्वास जास्त होता.

मला हे फार लागलं कारण बीएस्सीला मी हेच केलंय. कांद्याच्या मुळाची स्लाइड, ॲसिटोकार्मिन हा लाल रंग टाकायचा, स्पिरिट लॅम्पवर किंचित गरम, मग वर फिल्टर पेपर ठेवून अंगठ्याने दाबायचं, काच तडकू न देता. खाली गडद लाल धाग्यांचे तुकडे दिसतात. मी मोजले १५, तिसऱ्यांदाही १५, आणि जर्नलमध्ये लिहिले १६ कारण पुस्तकात १६ आहेत. पुस्तक बरोबरच होतं, माझी स्लाइड नीट पसरली नव्हती, पण मी जे पाहिलं ते लिहिलं नाही हे आजही मनातून जात नाही. त्जियो-लेव्हान यांनी तर शेवटीही घाई केली नाही, जननपेशींमध्ये पुन्हा नीट तपासल्याशिवाय सरसकट विधान करणार नाही असं लिहून ठेवलं. डाउन सिंड्रोममध्ये एक गुणसूत्र जास्त असतं हे १९५९ मध्ये कळलं ते या मोजणीच्या जोरावरच, नाहीतर ४७ म्हणजे एक कमी असंच वाटलं असतं.

बाकीचं भराभर सांगते. जूनमध्ये रेन्स आणि कोवन यांनी न्यूट्रिनो हा अणूपेक्षाही बारीक, पकडायला फार अवघड कण सापडल्याची तार भौतिकशास्त्रज्ञ पाउलीला पाठवली, त्याने १९३० मध्येच तो कण असावा असं म्हटलं होतं. उन्हाळ्यात अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात जी कार्यशाळा झाली तिथून 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स' हे नाव रुळलं. ४ ऑगस्टला मुंबईत ट्रॉम्बेला आपली अप्सरा अणुभट्टी सुरू झाली. सप्टेंबरमध्ये आयबीएमने हार्ड डिस्क असलेला पहिला कॉम्प्युटर आणला, ५० मोठाल्या तबकड्या आणि जागा जेमतेम ५ एमबी, आज एका गाण्याला तेवढी लागते. जुलैत इजिप्तच्या नासेरने सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं, ऑक्टोबरात हंगेरीत बुडापेस्टमध्ये उठाव झाला आणि नोव्हेंबरात सोव्हिएत रणगाड्यांनी तो चिरडला. मेलबर्न ऑलिंपिकला हॉकीत आपण पाकिस्तानला १-० ने हरवून सुवर्ण घेतलं.

आणि डिसेंबर. ६ तारखेला दिल्लीत बाबासाहेब गेले, दीक्षेनंतर फक्त ५३ दिवसांनी. आजी म्हणायची गावात त्या दिवशी कोणाकडेच चूल पेटली नाही, बातमी संध्याकाळी सायकलवर आलेल्या माणसाने आणली, आणि मामाला ताप होता तरी त्याचं रडणं कोणाला ऐकू येत नव्हतं.

त्याच महिन्यात वॉशिंग्टनमध्ये चिएन-शिउंग वू ही भौतिकशास्त्रज्ञ बाई एका प्रयोगाला बसली होती. निसर्ग आणि त्याचं आरशातलं प्रतिबिंब यांचे नियम सारखेच असतात असं सगळे भौतिकशास्त्रज्ञ धरून चालले होते. पस्तिशीच्या आतल्या ली आणि यांग या दोघांनी त्या वर्षी दाखवून दिलं की किरणोत्सर्गी बीटा क्षयाच्या, म्हणजे अणूच्या केंद्रातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो त्या क्रियेच्या, बाबतीत हे कोणी तपासलेलंच नाही. वूने नवऱ्याबरोबर आशियाला जायचा बेत रद्द केला, किरणोत्सर्गी कोबाल्ट-६० जवळजवळ निरपेक्ष शून्यापर्यंत, म्हणजे ज्याच्या खाली तापमान जाऊच शकत नाही तिथपर्यंत, थंड केलं, आणि इलेक्ट्रॉन एकाच बाजूला जास्त पडताना दिसले. नियम मोडला होता. नोबेल ली आणि यांगला मिळालं, वूला नाही, आणि हा तिच्यावर झालेला अन्याय आहे असं मी स्पष्ट म्हणते. निकाल जाहीर झाला जानेवारीत, त्यामुळे तो पुढच्या सालात धरायचा, पण ती थंडगार रात्रपाळी १९५६ चीच.