विंडोज ११ टाकू का? लॅपटॉप २०१७ चा आहे, दुकानदार म्हणतो ‘होऊन जाईल’

तुमचा लॅपटॉप २०१७ सालचा. आय-फाइव्ह, सातवी जनरेशन, ८ जीबी रॅम, साधी फिरणारी हार्ड डिस्क. विंडोज १० चा सपोर्ट संपला म्हणून स्क्रीनवर निरोप येतो आणि खाली ‘हा पीसी विंडोज ११ साठी पात्र नाही’ असंही येतं. दुकानदार मात्र ‘आठशे रुपये द्या, संध्याकाळी अकरा टाकून देतो’ म्हणतो. घरी बँकेचे व्यवहार, मुलाचा अभ्यास आणि वहिनींचं कृतिदेवमधलं टायपिंगचं काम, सगळं याच मशीनवर.

नका करू. निदान त्या दुकानदाराच्या पद्धतीने तरी नका करू.

मी सांगलीत दोन-तीन छोट्या ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळतो. गेल्या वर्षभरात हा प्रश्न मला इतक्यांनी विचारलाय की एकदाचं नीट लिहूनच टाकतो.

‘पात्र नाही’ म्हणजे लॅपटॉप बिघडला असं नव्हे. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना परकं सॉफ्टवेअर घुसू न देणारी सोय) लागतं आणि प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीतला लागतो. इंटेलची यादी साधारण आठव्या जनरेशनपासून सुरू होते, सातव्यातले एखाद-दुसरे अपवाद सोडले तर. तुमच्या मशीनमध्ये टीपीएम बहुधा असेल, कधी कधी ते बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, नुसतं बंद असतं. पण ते चालू करूनही उपयोग नाही, कारण गाडी अडलीय प्रोसेसरवर आणि लॅपटॉपचा प्रोसेसर बदलता येत नाही. आठवी जनरेशन असती तर मी दोन ओळींत ‘बॅकअप घ्या आणि करून टाका’ लिहून मोकळा झालो असतो.

दुकानदार खोटं बोलत नाही, हेही खरं. तपासणीला बगल देऊन अकरा टाकता येतं, चालतंही. मी स्वतः एका जुन्या मशीनवर टाकून बघितलंय. पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि दरवर्षीची मोठी आवृत्ती आपोआप येत नाही. ती पुन्हा बगल देऊनच टाकावी लागते, म्हणजे पुन्हा दुकान, पुन्हा आठशे. शिवाय फिरणाऱ्या हार्ड डिस्कवर अकरा म्हणजे छळ आहे. बटण दाबा, चहा टाका, चहा पिऊन या, तरी डिस्क शंभर टक्के. आणि एक बारीक गोष्ट बघा: दुकानातला मुलगा काम सुरू करताना आधी अँटिव्हायरस बंद करतोय का? करत असेल तर तो बहुधा क्रॅक, म्हणजे लायसन्सशिवाय विंडोज चालवायचं चोरटं जुगाड, टाकतोय. त्या मशीनवर बँकेचा पासवर्ड टाइप करायचा नाही. तुमच्या विंडोज १० चं लायसन्स कंपनीकडून आलेलं असेल तर क्रॅकची गरजच नसते. ते लायसन्स मदरबोर्डाशी बांधलेलं असतं.

आता उलट बाजू. ‘मग दहाच राहू दे, चालतंय की’ असंही करू नका.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. दुसऱ्या दिवशी काहीच बंद पडलं नाही, म्हणून लोकांना ती अफवा वाटते. संपलं ते एवढंच की विंडोजमध्ये नवं भोक सापडलं तर ते बुजवायला आता नेहमीचा अपडेट येणार नाही. अँटिव्हायरसला चोरांची नवी यादी मिळत राहते, पण ते म्हणजे भिंतीला भगदाड पडलेल्या घरात दाराला भारी कुलूप लावणं झालं. २०१७ च्या मे महिन्यातलं वॉनाक्राय आठवत असेल, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस. त्या भोकावरचा अपडेट मार्चमध्येच आला होता. ज्यांनी तो टाकला नव्हता त्यांची मशीनं कुलूपबंद झाली. जूनमध्ये त्याच भोकाचा आधार घेणारा दुसरा हल्ला झाला आणि आपल्या न्हावा-शेवाच्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल ठप्प झालं. तिथे कोणी चुकीच्या लिंकवर क्लिक करायचीही गरज नव्हती. नेटवर्कमधलं एक मशीन लागलं की शेजारचं लागत होतं.

मधला रस्ता आहे, आणि तो दुकानदार सांगणार नाही कारण त्यात त्याला काही मिळत नाही. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून दिलेत. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर ‘एनरोल नाऊ’ असा दुवा दिसेल. मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं, आणि विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती हवी. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यात ठेवायला ‘हो’ म्हटलं की फुकट. नाहीतर ३० डॉलर. नवीन सोयी काही मिळत नाहीत, फक्त भोकं बुजतात. तुम्हाला तेवढंच हवंय.

आता कृतिदेववर येतो, कारण माझे हात तिथे भाजलेत.

२०२० च्या जानेवारीत विंडोज ७ चा सपोर्ट संपला तेव्हा लग्नपत्रिका छापणाऱ्या एका मित्राच्या दुकानातलं मशीन मी हौसेने विंडोज १० वर नेलं. जुनं ३२ बिटचं होतं, मी ६४ बिटचं टाकलं, तेही सगळं पुसून. सोमवारी सकाळी त्याने पत्रिकेची फाइल उघडली तर ‘मराठी’ या शब्दाच्या जागी ई, जे, के, बी, एच अशी इंग्रजी अक्षरं! कृतिदेव युनिकोड नाही, म्हणजे मोबाइलवर टाइप करतो तसं खरं मराठी अक्षर त्यात साठवलं जात नाही. आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरंच, त्यांना मराठी मुखवटा चढवतो तो फॉन्ट, आणि फॉन्ट मी डिस्कबरोबर पुसून बसलो होतो. ते निदान सुटलं, फॉन्ट पेन ड्राइव्हवर सापडले. पण त्याचं जुनं डीटीपीचं सॉफ्टवेअर यूएसबीच्या डोंगलवर, म्हणजे किल्लीसारखं काम करणाऱ्या छोट्या प्लगवर, चालायचं आणि त्या डोंगलचा ड्रायव्हर (विंडोजला ते ओळखायला लागणारं सॉफ्टवेअर) फक्त ३२ बिटचा. प्रिंटरचंही तेच. ऐन लग्नसराई, गिऱ्हाईक काउंटरवर उभं, आणि मी वर्षानुवर्षं कोणी हात न लावलेल्या वेबसाइटवर ड्रायव्हर शोधतोय. दोन दिवसांनी शेवटी जुनंच विंडोज ७ परत टाकलं आणि त्या मशीनची नेटची वायर काढून ठेवली. मित्र अजून चहा पाजतो, पण मशीनला हात लावू देत नाही.

म्हणून तुम्ही काहीही करणार असाल तरी आधी वहिनींना विचारा, विंडोजला नंतर. त्या नुसत्या फॉन्टवर काम करतात की एखादं डोंगलवालं पॅकेज आहे? नुसता फॉन्ट असेल तर सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरमधलं ‘फॉन्ट्स’ उघडून कृतिदेव, सुरेख, जे असेल ते पेन ड्राइव्हवर कॉपी करून ठेवा. दहावर काय, अकरावर काय, ते चालतात. डोंगल असेल तर त्या कंपनीला फोन केल्याशिवाय पान हलवू नका. घरात कोणी जीएसटी किंवा टेंडरसाठी डिजिटल सहीचं टोकन वापरत असेल तर त्यालाही हेच लागू.

तुमच्या जागी मी असतो तर आज एवढंच केलं असतं: ती वाढीव मुदत नोंदवून टाकली असती आणि दुकानदाराला द्यायचे आठशे एसएसडीत, म्हणजे न फिरणाऱ्या वेगवान डिस्कमध्ये, घातले असते, वर आणखी पैसे टाकून. २०१७ च्या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्कच्या जागी अडीच इंची साटा एसएसडी सहसा सरळ बसते. जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल तिच्यावर करता येते, ज्याला दुकानात ‘क्लोन’ म्हणतात. विंडोज, फॉन्ट, वहिनींच्या फाइल, सगळं जिथल्या तिथे राहतं. ८ जीबी रॅम पुरेशी आहे, ‘तीही वाढवू’ म्हणाला तर नको म्हणा. लॅपटॉप खुर्रकन चालायला लागेल आणि अकराची हौस तुमची तुम्हालाच उरणार नाही.

काम करायला देण्यापूर्वी ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’, म्हणजे डिस्कवरच्या फाइलींना लागलेलं कुलूप, चालू आहे का ते सेटिंग्जमध्ये बघा. चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून काढून कागदावर लिहून घ्या. बायोसमध्ये कोणी काही ढवळलं की मशीन तीच मागतं, आणि नसेल तर फाइलींना राम राम. मुळात फोटो आणि कागदपत्रांची एक प्रत बाहेर हवीच.

२०२६ च्या ऑक्टोबरनंतर दोन वाटा. पैसे असतील तर नवा लॅपटॉप. नसतील तर लिनक्स मिंट, विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टीम. ते पेन ड्राइव्हवरून काही न पुसता चालवून बघता येतं, एखाद्या रविवारी मुलाला बसवा. बँक आणि अभ्यास ब्राउझरमध्येच होतं, त्याला विंडोज लागत नाही. कृतिदेवचा फॉन्ट तिथल्या लिब्रेऑफिसमध्ये (वर्डसारखं फुकट सॉफ्टवेअर) चालतो, पण वहिनींना पहिला आठवडा चिडचिड होईल हे धरून चला.

आणि हो, एसएसडी बसवल्यावर जुनी हार्ड डिस्क दुकानात सोडून येऊ नका. तिच्यावर तुमचं सगळं घर आहे. यूएसबीचं केसिंग घ्या, त्यात घाला, घरी आणा.